तिकडे पुस्तकं उरली, आपल्याकडे वस्ताद उरलेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या पुरवणीत तुम्ही मर्दानी खेळाचा मोठा फोटो छापला होता, पोरगी दांडपट्टा फिरवतेय आणि मागे ढोलपथक, फोटो इतका छान होता की मी कापून ठेवलाय. पण त्याच पानावर खाली चौकटीत लिहिलं होतं की त्या काळच्या तलवारी तीस तीस, चाळीस चाळीस किलोच्या असायच्या. साहेब हे चुकीचं आहे, आणि पत्र मी खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटायला लागली म्हणून लांबलंय. जागा कमी पडली तर वजनाचं कापा, वस्तादांचं कापू नका एवढी विनंती.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे हा कोण सांगणारा असं वाटायला नको. मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूमला आहे, वीस वर्षं झाली, आणि गेली सात वर्षं फावल्या वेळात युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचा अभ्यास करतोय. ऑलिम्पिकला असते ती फेन्सिंग नाही, ती पण मला आवडते, भवानी देवी टोकियोला खेळली तेव्हा घरातले सगळे पहाटे उठून टीव्हीपुढे बसलो होतो, पण ती वेगळी, तिच्यात अंगाला वायर असते आणि टच झाला की लाइट लागतो. मी म्हणतोय ते त्याच्या खूप आधीचं, साधारण सन १३०० ते १६०० मधलं. त्या वेळच्या वस्तादांनी लिहून ठेवलेल्या पोथ्या आणि पुस्तकं आज युरोप-अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांत आणि म्युझियममध्ये आहेत, बऱ्याचशा स्कॅन करून सगळ्यांना बघायला खुल्या केल्यात, त्या वाचायच्या, चित्रं बघायची आणि लाकडी तलवार हातात घेऊन तो डाव खरंच कसा होत असेल ते अंगाने शोधून काढायचं, असं हे काम आहे. नाशिकमध्ये आम्ही चौघं आहोत. एक शाळेतल्या बाई, एक फिजिओथेरपिस्ट, एक इंजिनिअरिंगचा मुलगा ज्याने जर्मनचे क्लास लावलेत, आणि मी. इंदिरानगरला एका बिल्डिंगच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असते. आधी एका मैदानावर करायचो, पण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या कोणीतरी पोलिसांना फोन केला की पोरं तलवारी घेऊन आलीत, पोलीस आले, लाकडं बघितली, नीट बोलले, पण म्हणाले की साहेब हे आत कुठेतरी करा, लोक घाबरतात. लोक घाबरणारच, कारण पेपरात तलवार दोनच ठिकाणी दिसते, एक जयंतीच्या पानावर आणि दुसरी तलवारीने केक कापला म्हणून टोळक्याला पकडलं त्या बातमीत.

आता वजन. युरोपातली दोन हातांनी धरायची लांब तलवार, तिकडे लाँगसोर्ड म्हणतात, लांबी चार फुटांच्या आसपास, आणि म्युझियममध्ये ज्या शिल्लक आहेत त्या बहुतेक सव्वा ते पावणेदोन किलोच्या आहेत. एका हाताने चालवायची तर एक किलोच्या आसपास, आणि आपल्याकडची साधी तलवार पण तेवढीच. आपले लोक तर युरोपातून आलेली सरळ पाती घेऊन त्यांना आपली मूठ बसवायचे, तिलाच फिरंग म्हणायचे, म्हणजे पातं तेच असेल तर वजन कुठून वाढणार. विश्वास नसेल तर घरातली दोन किलोची हातोडी घ्या आणि हात लांब करून दोन मिनिटं फिरवून बघा, आणि मग समोर एक माणूस आहे आणि तो पण फिरवतोय असं डोळ्यासमोर आणा. मिरवणुकीत नुसत्या धरून न्यायच्या मोठाल्या तलवारी तिकडे होत्या, त्या जड होत्या, पण त्या लढायच्या नव्हत्या. मावळ्यांचं मोठेपण तलवारीच्या वजनात नव्हतं साहेब, ती एक किलोची वस्तू तासन्‌तास कशी चालवायची हे त्यांना येत होतं यात होतं, आणि चाळीस किलो छापलं की ते येणंच झाकलं जातं, लोकांना वाटतं नुसती ताकद होती, विद्या नव्हतीच.

आता खरं सांगायचं ते. युरोपात काय झालं, तर बंदुका आल्या, लढाया बदलल्या, लांब तलवार मागे पडली, तिची जागा बारीक तलवारींनी घेतली आणि शेवटी खेळ राहिला. फ्रांकफुर्टला तलवारबाजांचा एक संघ होता, संत मार्कच्या नावाचा, त्याला १४८७ साली बादशहा तिसऱ्या फ्रेडरिकने सनद दिली होती, लांब तलवारीचा उस्ताद ही पदवी तो संघ द्यायचा, तोही गेला. आज युरोपात एकही माणूस असा नाही की जो म्हणेल माझ्या गुरूने त्याच्या गुरूकडून, त्याने त्याच्या गुरूकडून करत करत १४०० सालची लांब तलवार माझ्यापर्यंत आलीय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये आल्फ्रेड हटन आणि एगर्टन कॅसल या दोघांनी जुनी पुस्तकं उघडून प्रात्यक्षिकं सुरू केली, हे हटन तरुणपणी हिंदुस्तानात पलटणीत होते बरं का, पण त्यांच्या मागे ते काम थंडावलं आणि परत जोर धरला तो १९९० नंतर. म्हणजे शिकवणारे सगळे गेले आणि पुस्तकं तेवढी राहिली, आणि आज हजारो लोक त्या पुस्तकांवरून एकेक पाऊल परत उभं करतायत.

त्यातली सगळ्यात जुनी पोथी साधारण १३०० च्या सुमाराची, आय तेहतीस म्हणतात तिला, तो म्युझियमचा नंबर आहे. ढाल-तलवारीची पोथी, ढाल म्हणजे बकलर, ताटलीएवढी छोटी, मुठीत धरायची. मजकूर लॅटिन, मधे मधे जर्मन शब्द, आणि चित्रात एक पाद्री आपल्या चेल्याला शिकवतोय, आणि शेवटच्या पानांवर चेल्याच्या जागी एक बाई आहे, वालपुर्गिस नावाची, हातात ढाल-तलवार घेऊन पाद्र्याच्या समोर उभी. आमच्या ग्रुपमधल्या बाईंनी ते पान प्रिंट काढून घरी लावलंय. ही पोथी जर्मनीत गोथाच्या लायब्ररीत होती, दुसऱ्या महायुद्धात गायब झाली, १९५० ला लंडनला लिलावात निघाली आणि आता इंग्लंडमध्ये लीड्सच्या म्युझियममध्ये आहे. ती लिलावात निघाली नसती तर काय, याचा विचार मी बरेचदा करतो.

त्या पोथीत सात पवित्रे आहेत. पहिला पवित्रा असा की तलवार डाव्या काखेखाली घेतलेली, टोक मागे, ढाल पुढे. समोरचा काय करतो तर ढाल आणि तलवार दोन्ही हात जवळ जवळ ठेवून पुढे लांब करतो आणि तलवारीचं टोक वर. चित्र स्वच्छ आहे, दोघंही उभे आहेत, काही लपवलेलं नाही, आणि आम्ही चार महिने त्यात अडकलो होतो. कारण आम्ही ढाल म्हणजे वार अडवायची वस्तू असं धरून चाललो होतो, वार आला की ढाल तिकडे न्यायची. ती गेली की तलवारीचा हात उघडा, आणि लाकूड बरोब्बर बोटांवर. सागाची पहिली तलवार तिसऱ्या दिवशी चिरली म्हणून सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या होत्या, त्या लागतात पण तशा, बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं अशी सुजली की आठवडाभर खडू धरता येत नव्हता. पोथीवर इंग्रजीत लोकांनी काय काय लिहिलंय ते सगळं वाचलं, समजलं असं वाटायचं आणि शनिवारी परत बोटांवर.

मग जुन्या नाशकात एक तालीम आहे तिथे माझा मावसभाऊ जायचा, तो म्हणाला आमच्या वस्तादांना दाखव. वस्ताद आता ऐंशीच्या घरात आहेत, नाव लिहू नको म्हणाले म्हणून लिहीत नाही. मी मोबाइलवर तो फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, हा फरी-गदकाच आहे की. मग खुंटीवरची कातडी फरी, म्हणजे छोटी ढाल, काढायला लावली, वेताचा गदका, म्हणजे तलवारीच्या जागी धरायची छडी, घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाले मार. मी मारला. त्यांची फरी माझ्या गदक्याकडे आलीच नाही. ती त्यांच्या स्वतःच्या उजव्या मुठीला चिकटून होती, गदका जिथे गेला तिथे ती बरोबर गेली, आणि माझा गदका त्यांच्या गदक्यावर अडला तेव्हा त्यांचा हात झाकलेला होता आणि माझा उघडा. म्हणाले, "फरी अंगाला नसते रे बाळा, फरी हाताला असते." एवढंच. मी घरी येऊन पोथी परत उघडली आणि पानामागून पान बघत गेलो, किती चित्रांत दोन्ही हात एकमेकांना लागून पुढे गेलेत, सातशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने ते काढून ठेवलं होतं आणि मला चार महिने दिसत नव्हतं.

आता कृपा करून या पत्राला युरोपची तलवारबाजी नाशिकहून गेली असं हेडिंग देऊ नका. दोन्हींचा काही संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाही. छोटी ढाल आणि एका हातातलं शस्त्र असं कुठेही दिलं तर हाताला मार बसतो आणि माणूस हात झाकायला शिकतो, एवढंच त्यात आहे. जिथे पोथीत लिहिलेलं नाही तिथे वस्तादांचा डाव घुसडायचा नाही आणि वस्तादांच्या डावात पोथी घुसडायची नाही हे आम्ही कडक पाळतो, नाहीतर दोन्ही बिघडतील.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. तिकडे शिकवणारा गेला आणि पुस्तक राहिलं, म्हणून ते आज चार महिने एका चित्रावर डोकं फोडतायत. आपल्याकडे शिकवणारा अजून खुर्चीत बसलाय आणि त्याचं काहीही लिहिलेलं नाही. मी वस्तादांना विचारलं तुमच्याकडे वही बिही आहे का, तर म्हणाले आमच्या वस्तादांना लिहिता येत नव्हतं आणि मला लिहायला कोणी सांगितलं नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातल्या शस्त्रांवर बंधनं आली, तरी तालमींनी वेत आणि लाठीवर ही विद्या धरून ठेवली, तोंडी, एकाने दुसऱ्याला दाखवून, आणि ती आता आपल्या समोर संपायला लागलीय. बाहेरून तसं वाटत नाही, कारण मिरवणुकीत मुलं आहेत, मुली आहेत, पूर्वीपेक्षा जास्त आहेत, २०२४ ला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मिरवणुकीत टिकतं ते फिरवणं आणि लिंबू कापणं, कारण ते लांबून दिसतं. जोडीची लढत लांबून दिसत नाही, तिच्यात हूल कधी द्यायची, समोरच्याचा पाय कुठे असताना शिरायचं, अडला तर तिथून पुढे काय, हे सगळं दोन माणसांच्या मधल्या हातभर जागेत असतं, आणि ते शिकायला वस्तादांकडे आता कोण येतं म्हणाल तर कोणी नाही.

म्हणून मी नऊ रविवार दोनशे पानी वही घेऊन त्यांच्याकडे बसलो. गुडघे गेलेत, उभं राहवत नाही, हाताचं बसून दाखवतात आणि पायाचं तोंडाने सांगतात, मग मी शहाबादी फरशीवर खडूने पाऊल काढायचं आणि ते काठीने दाखवणार, अजून बाहेर, अजून, टाच नको चवडा, हां. शिर, तमाचा, बाहेरा, कमर ही वारांची नावं पटापट आली. जोडीचे अकरा डाव सांगितले, त्यातल्या सातांची पावलं पूर्ण उतरलीत. एका डावाचं नाव विचारलं तर म्हणाले नाव नाही, आमचे वस्ताद हा दाखवताना नुसतं "हं" म्हणायचे. वहीत मी तसंच लिहिलंय, हं.

काय लिहायचं आणि कसं लिहायचं हे मला त्या युरोपच्या पुस्तकांनी शिकवलं, त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. योहानेस लिख्टेनाउअर म्हणून चौदाव्या शतकातला जर्मन उस्ताद, त्याची सगळी विद्या यमकातल्या ओळींत आहे, आणि त्या मुद्दाम गूढ ठेवलेल्या, म्हणजे बाहेरच्याला कळू नये. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी पुढे त्यावर टीका लिहिली, ही ओळ म्हणजे अमुक कर, तमुक पाय टाक, म्हणून आज ती कळते. नुसत्या ओळी राहिल्या असत्या तर आपण अर्थ लावत बसलो असतो. इटलीचा फिओरे, साधारण १४१० चा, तो प्रस्तावनेतच सांगतो की चाळीस वर्षांच्या वर या विद्येत घालवलीत आणि ही इतकी मोठी आहे की पुस्तकाशिवाय कोणाच्याही डोक्यात तिचा चौथा हिस्सासुद्धा राहणार नाही. त्याच्या पोथीत एका माणसाभोवती चार प्राणी काढलेत, वर एक रानमांजर डोळ्यांचं, एका बाजूला वाघ चपळाईचा, दुसऱ्या बाजूला सिंह धाडसाचा, आणि पायाशी पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, म्हणजे पाय रोवून उभं राहणं. इटलीतल्या माणसाला पाय कसे रोवायचे ते सांगायला हत्ती आठवला हे बघून मला फार बरं वाटलं होतं.

आणि माझा सगळ्यात आवडता योआखिम मायर. स्ट्रासबुर्गचा, धंद्याने सुऱ्या-चाकू बनवणारा, म्हणजे आमच्यातलाच, लोखंडातला माणूस. त्याने १५७० ला मोठं सचित्र पुस्तक छापलं, कर्ज काढून छापलं, आणि पुढच्याच वर्षी वारला, कर्ज मागे राहिलं. त्या पुस्तकात एक चौकोन आहे, समोरच्या माणसाचे चार भाग, वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा, आणि त्यावर आकडे, एक दोन तीन चार उलटसुलट क्रमाने, त्या आकड्यांवरून वार करत जायचं. आमच्या गच्चीच्या भिंतीवर तो चौकोन खडूने काढलेला आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने कर्ज काढलं म्हणून नाशिकच्या चार माणसांना शनिवारी वार कुठून सुरू करायचा ते कळतं.

कोणी म्हणेल आता मोबाइल आहेत, व्हिडिओ काढा, झालं. व्हिडिओ काढाच, मी पण काढलेत. पण व्हिडिओत काय केलं ते दिसतं, का केलं आणि समोरच्याने तसं नाही केलं तर काय ते दिसत नाही. वस्तादांचा फरीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, तो मी चार जणांना दाखवला, चौघांनी हातातल्या गदक्याकडे बघितलं, फरीकडे एकानेही नाही. ते एक वाक्य लिहिलेलं असेल तरच तो व्हिडिओ कळतो.

असं काम आपल्याकडे कधी झालंच नाही असं नाही. बडोद्याहून मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोश काढला, दहा खंड, मराठीत, हा केवढा मोठा उद्योग आहे ते एकदा लायब्ररीत जाऊन हातात घेऊन बघा. पण त्यालाही आता बराच काळ लोटला आणि तालमीतालमीचा डाव वेगळा असतो, नाशिकचा वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, तो त्या त्या ठिकाणीच लिहावा लागणार.

तर माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक तालमीतल्या एका पोराने किंवा पोरीने एक वही करावी, आणि वस्तादांना प्रत्येक डावाबद्दल विचारावं की याचं नाव काय, सुरुवातीला कोणता पाय पुढे, आणि समोरच्याने अडवलं तर पुढे काय. शुद्धलेखन कसंही चालेल. खडूने पावलं काढा, त्याचा फोटो काढा, फोटोखाली तारीख आणि वस्तादांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर. भरलेल्या वहीची झेरॉक्स गावातल्या वाचनालयात ठेवा, एकाच घरात ठेवू नका, घरं बदलतात आणि रद्दी जाते. आणि साहेब तुम्ही आठवड्याला पाव पान द्या, एक वस्ताद, एक डाव, बास, फोटो छोटा असला तरी चालेल. जयंतीच्या पुरवणीला ज्या मेहनतीने पानं लावता त्याच्या दहाव्या हिश्श्यात वर्षभराचं होईल.

लिहिणारं कोणी नसेल तर मी येतो. नाशिक, सिन्नर, दिंडोरी, निफाड, त्र्यंबक, कुठेही, फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी मोकळा असतो, वही आणि खडू माझे. फक्त रविवार सकाळ सोडून सांगा, आमच्या वस्तादांचे चार डाव अजून बाकी आहेत.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक